सव्वादोन, अडीच

बोरीच्या बाजारात अच्युत आला, मागं सात-आठ पोरं,
सगळ्यायच्या गळ्यात एकाच रंगाचे रुमाल.
"केवळमावशी, दोन डझन काढ. हिरव्या. स्वस्तातल्या."
म्हनलं, माप सांग.
"कोन्तं बी."
म्हनलं, लेकरा, कोन्तं बी असं माप नसतंय.
सव्वादोन असतंय, अडीच असतंय.
हात कोनाचाय?

पोरं हसाय लागली.
डीपी जळून अकरा दिवस झाले,
साहेब फोन उचलंना,
म्हून सोमवारी मोर्चा, अन् साहेबाच्या टेबलावर
बांगड्यायचा आहेर. फोटोवाला बी सांगून ठिवलाय.
"भर म्हनावं हातात, अन् बस घरात."

त्या टायमाला मपल्या हातात गयाबाईचा हात होता.
कारखाना बंद झाला, परवाच त्यायची गाडी गावात आलेली.
कोयत्याच्या मुठीनं तळवा असा झालेला
की रेघा बघनारा जोतिषी उठून जाईल.
साबनाचं पानी लावून, अंगठ्याखालचं हाड दाबून
तिसरी बांगडी गाठीवर आनली होती.
ती काही बोलली नाही. पोरायकडं बघितलं बी नाही.
फक्त हात ताठला.
हात ताठला की काच ऐकत नाही.

आमच्यात फुटली म्हनत नाहीत.
वाढली म्हनायचं.
सासूनं पहिल्याच दिवशी शिकवलं,
काचंला बी वाईट बोलू नाही.
मी म्हनलं, वाढली गं.
रगत बारीक आलं, तिनं बोट तोंडात धरलं.

बाजार तर बोलतच राहतो.
काट्यावरून दोघं भांडत्यात,
मारामारी त्यायची,
अन् नाव निघतंय घरी भाकरी थापत बसलेल्या
दोन म्हाताऱ्यायचं.
त्यायनी कोनाचा कांदा कमी तोलला?
मी तरी कुठली सोवळी.
शेळीनं दावं तोडलं की तोंडात रांडच येती.
बोकडानं तोडलं तर त्याला नुसतं बोकड म्हनते.
हे आत्ता, सांगता सांगता ध्यानात आलं.

अन् सुदर्शनला म्हनले होते. मपल्याच पोराला.
सातवीत होता. मार खाऊन आला, शर्टाची गुंडी तुटलेली.
म्हनले, बांगड्या भर जा.
त्यानं पेटीकडं नाही बघितलं.
मपल्या मनगटाकडं बघितलं.
तिथं काही नव्हतं. त्याचा बाप गेल्यापसून
कोनी भरलं नाही, मी बी भरलं नाही.
दिवसभर दुसऱ्यायचे हात धरते.

अच्युतला दिल्या दोन डझन. नाही कामून म्हनू?
नोट घेतली, कपाळाला लावली.
सव्वादोनच्या दिल्या.
साहेबाच्या चार बोटायच्या वर सरकल्या नसत्या.

सोमवारी फोटो निघाले म्हनत्यात.
डीपी अजून आली नाही.
बुधवारी अंधार पडता पडता
हापिसातली झाडूवाली हाजरा घरी आली, पदरात पुडा.
"केरात टाकल्या व्हत्या. कोऱ्या हायेत, एक बी वाढली नाही.
मला बारीक व्हत्यात. बदलून दे."

मोबाईलची बॅटरी पेटीवर उभी केली.
पुडा सोडला, मोजल्या. चोवीस.
अडीचच्या काढल्या, हिरव्याच.
"मावशी, वरचे पैसे किती?"
म्हनलं, हात दे आधी.
फिनाइलचा वास, पान्यानं सुरकुतलेली बोटं,
अन् गाठी गयाबाईसारख्याच, ताठ.
ढिला सोड, म्हनलं,
इथं कोनी नाही.