हातचा

गॅसच्या बिलाचं पाकीट उलटं करून मी हिशोब मांडलाय.
बिल आत तसंच. सतरा तारखेपर्यंत मुदत.
व्हर्न पहाटे तीनपासून बर्फ उपसायच्या गाडीवर,
आणि सुपिरियर सरोवरावरून सुटलेलं वारं
दाराच्या फटीत कोंबलेला टॉवेल आत ढकलतंय.

विशेष शिक्षणाची पदवी, अडीच वर्षं, रात्रीचे वर्ग:
एकतीस हजार आठशे.
पुस्तकं साडेचौदाशे, परीक्षा पावणेसहाशे.
शेवटचे बारा आठवडे सराव, बिनपगारी;
तेच काम, त्याच खोलीत, फक्त तेवढे दिवस फुकट.
आठशे, साडेचारशे, पावणेसहाशे...
हातचा एक वर लिहिला, बारीक,
आणि मिळवायचा राहिला.

आज मदतनीस म्हणून तासाला पंधरा डॉलर चाळीस सेंट.
उन्हाळ्यात शून्य.
बाई झाले तर वर्षाला बेचाळीस हजार,
त्यातून हप्ता, दरमहा तीनशे साठ, दहा वर्षं.
मी त्रेचाळीस. फिटेल तेव्हा साडेपंचावन्न.
तोवर गुडघे राहतील का, हा रकाना पाकिटावर मावत नाही.
दिवसातून चाळीसदा जमिनीवर बसावं लागतं.

ऑक्टोबरात मिस प्रिचेट गेल्या.
ग्रीन बेला, अकरा हजार जास्तीवर.
मी दोष देत नाही;
त्यांच्या गाडीचा सायलेन्सर आम्हीच तारेनं बांधला होता.
आता एक बदली गृहस्थ येतात,
निवृत्त, सभ्य, बर्फाला भोक पाडून मासे कसे धरावे ते छान सांगतात.
मुलांच्या योजना मी लिहिते:
कुणाला घंटेचा आवाज सोसत नाही,
कोण चावतं, आणि चावायच्या आधी कान कसे लाल होतात.
खाली सही मार्केटहून येते
अशा माणसाची, ज्यानं कॉर्विनला कधी पाहिलेलं नाही.
म्हणजे एकतीस हजार आठशे ही नुसती सहीची किंमत,
मी व्हर्नला म्हणाले.
तो म्हणाला, प्लंबरचंही तसंच असतं.

पण खरं सांगायचं तर तसं नाही.
कॉर्विन टेबल वाजवायचा, सारखा, दोन बोटांनी,
आणि मी त्याचा हात धरून ठेवायचे. प्रेमानं. दोन महिने.
मग त्या अभ्यासक्रमाचा नमुन्याचा एक धडा उघडला, फुकटातला,
त्यात होतं की काही मुलांना
वाजवल्याशिवाय ऐकूच येत नाही नीट.
दुसऱ्या दिवशी हात सोडला.
तो वाजवत राहिला, आणि गोष्ट संपेपर्यंत
पहिल्यांदाच माझ्याकडे बघत राहिला.
ते दोन महिने कुठल्या रकान्यात टाकू?
नमुन्यात एवढं, तर उरलेल्या पुस्तकात काय काय असेल
जे मी रोज प्रेमानं चुकतेय?

त्याची आई ड्वायला पेट्रोल पंपावर असते.
सुटे पैसे देताना विचारते, पुढच्या वर्षी आहेस ना?
मी म्हणते, शिकावं म्हणतेय.
ती म्हणते, छान.
मग खूप वेळ गल्ला बंद करत राहते.
तिला ठाऊक आहे, इथे शिकलेली माणसं कुठे जातात.
मलाही ठाऊक आहे.
ग्रीन बे इथून चार तास, रस्ता मोकळा असेल तर.

तिसऱ्यांदा बेरीज केली. पुन्हा हजारानं कमी.
मग वरचा तो बारीक एक दिसला,
मिळवला, तेहतीस हजार आठशे पंचवीस.
आकडा बरोबर आल्याचं समाधान
इतकं मूर्ख असतं की हसू आलं.

बाहेर व्हर्नच्या गाडीचा पिवळा दिवा वळला.
बोटं गारठली होती म्हणून टोकाला टोक लावून घासत होते,
आणि मध्येच थांबले.
कॉर्विनला सात महिने लागले ही खूण शिकायला.
आता खाऊसाठी करतो, झोक्यासाठी करतो,
कधी कधी भिंतीकडे बघून नुसतीच:
अजून.