उत्तरेकडच्या भिंतीतला सातवा ओंडका

आधी सौना बांधला.
घर नंतर.
आइलीआत्या हे दोनदा सांगते,
लोक उलटंच धरून चालतात म्हणून.

विह्तोरी कोर्पेला, माझे आजोबा.
संपानंतर तांब्याच्या खाणीनं नाव खोडलं
तेव्हा त्यांनी चाळीस एकर बुंधे विकत घेतले.
झाडं लाकूड-कंपनीनं आधीच नेली होती.
उरलेल्याला जमीन म्हणायची
फिनलंडहून आलेल्या माणसांची तयारी होती.

पहिला हिवाळा सौन्यातच:
दोघं, एक गाय, आणि धूर.
मार्चमध्ये त्याच फळीवर आइली जन्मली.
पुढे त्याच फळीवर
लेम्पीआजीला शेवटची आंघोळ घातली,
पाणी नीट कोमट करून,
जणू तिला चटका बसला असता.

मग घर.
नदीपलीकडे वाचलेले पाइन घोड्यानं बर्फावरून ओढत आणले,
तासणीनं चौकोनी केले,
कोपऱ्यात पारव्याच्या शेपटीसारख्या खाचा.
खिळा नाही. फटींत दलदलीतलं शेवाळ.
सहाव्या ओंडक्यापर्यंत सांध्यात सुरीचं पातं शिरत नाही,
मी घालून पाहिलंय.

सातव्याची खाच उलटी पडली आहे.
पाचर मारून सावरलेली.
त्या दिवशी मायदेशाहून पत्र आलं होतं, बाबा म्हणायचे.
पत्र कसलं, बाटली होती, काका म्हणायचा.
आजोबा काहीच म्हणाले नाहीत.
ओंडकाही बदलला नाही.
त्यावर आठवा चढवला.

शेताचं सांगायचं तर
दर वसंतात पहिलं पीक दगडांचं.
बर्फ वितळला की जमीन नवे दगड वर ढकलायची,
आणि पोरं शाळा बुडवून ते वेचायची.
मग बटाटे, गवत, अकरा गायी,
दुधाचे कॅन रस्त्याच्या कडेला,
डेअरीचा महिन्याचा चेक
आजी पिठाच्या डब्यात ठेवायची.
त्या ढिगाऱ्यावर आता बर्च उगवलाय.

एक्कावन साली बाबांनी सगळं घर फळ्यांनी झाकलं.
पांढरा रंग. हिरव्या खिडक्या.
रानटी दिसतं, ते म्हणाले,
शहरातून येणाऱ्या बायकोसाठी.
ती बायको म्हणजे माझी आई.
आपण कशाच्या आत राहतो
हे तिला कळायला नऊ वर्षं लागली:
खिडकीची चौकट सडली, फळी निघाली,
आणि तिनं त्या लाकडावर हात ठेवला.
तिथेच उभी राहिली, कणीक तशीच हाताला.

अडुसष्टमध्ये गायी गेल्या.
कॅनऐवजी स्टीलची टाकी हवी म्हणून डेअरीचं पत्र आलं.
टाकीची किंमत शेताहून जास्त होती.
ट्रक वळणावर दिसेनासा होईतो बाबा दारात होते,
मग संध्याकाळी धार काढायला गेले, रोजच्यासारखे,
आणि बराच वेळ आले नाहीत.

या उन्हाळ्यात मी घर विकलं.
म्हणजे ओंडके विकले.
शिकागोचा माणूस आहे, तळ्याकाठी उभं करणार,
पाहुण्यांसाठी, गरम पाण्याच्या टबासकट.
त्यानं प्रत्येकावर पिवळी चिठ्ठी ठोकली.
उ-७ पाशी थांबला.
म्हणाला, हा मशीनवर नवा कापून घेतो.
मी म्हणाले, मग व्यवहार नाही.
असं मी का म्हणाले, कोण जाणे.
त्यानं खांदे उडवले आणि आठव्याकडे गेला.

सातवा काढताना फटीतून शेवाळाऐवजी
लाल लोकरीचा हातमोजा निघाला. लहानसा.
अंगठा उसवलेला.
मला वाटलं, एखादं मूल,
ज्याचं नाव घरात कुणी घेतलं नाही.
गाडी काढून मी थेट वृद्धाश्रमात गेले.

आइलीआत्या एक्क्याण्णवची आहे.
तिनं तो उलटा केला, सुलटा केला.
मीच कोंबला होता, म्हणाली,
तिथे माझी खाट होती. वारा येत होता.
बस?
बस.

मी निघाले तेव्हा पाठीमागून हाक आली:
जोडीतला दुसरा सापडला का?