मानस

डाव्या कुशीवर वळा, म्हणते मी, हात उशाखाली.
सोयरू आमोणकर वळतात
तशी आधी खाट बोलते, मग ते:
"पोट मागे राहिलं गो बाय, त्याला येऊ दे."
फोंड्याच्या इस्पितळात पहिल्या मजल्यावर
पडदे ओढलेली ही माझी खोली.
बाहेर बाराचं ऊन, आत कायमची तिन्हीसांज.

थंड जेल. बरगड्यांच्या फटीतून वाट काढते.
जाड माणसांत ती लवकर सापडत नाही,
ध्वनी आत जातो आणि कापसात सुई हरवावी तसा हरवतो.
थोडं दाबते. श्वास सोडा. धरा.
मग ते येतं पडद्यावर,
करड्या धुक्यात उघडझाप करणारं,
वय वर्षं एकसष्ट.

"ती काय, दारं?"
झडपा, मी म्हणते.
"मानशीची दारं ती.
दुर्भाटच्या बांधावर तीस वर्षं
ह्याच दारांच्या उशाला निजलो मी.
ओहोटीला आपसूक उघडतात, भरतीला आपसूक मिटतात,
आत भात, बाहेर खारं पाणी.
आपण फक्त जागं राहायचं."
मी बटण दाबून चित्र गोठवते.
ते दचकतात. त्यांना वाटतं, पाणी थांबलं.

उजव्या कप्प्याच्या भिंतीवर काळपट पट्टा.
दोन कडांना दोन फुल्या:
नऊ मिलिमीटर.
"हा गाळ?"
चरबी. असते सगळ्यांचीच, थोडी.
थंडीत ऊब, धक्क्याला गादी,
अडीनडीला काळजाला चार घास तीच भरवते.
वाढली की मात्र शेजार बिघडतो,
कारण तिच्यात आणि स्नायूत भिंत नसते,
एकाच नळाचं पाणी पितात दोघं.
तिची धुसफूस सरळ आत झिरपते,
रक्ताच्या वाटांत, ठेक्यात.
स्नायू ताठरतो.
सैल पडून भरून घेणं विसरत जातो.

हे मी सांगायचं नसतं. डॉक्टर सांगतात.

ते बराच वेळ गप्प.
मग छताला हिशेब दिल्यासारखे:
मानस लिलावात दुसऱ्याने घेतली त्याला बारा वर्षं.
शेत पडीक. मुलगा जहाजावर, पैसे येतात.
सकाळी भाजीपाव, चारला मिरचीभजी,
रात्री एकटाच, म्हणून थोडी फेणी,
आणि फेणी एकटी नको, म्हणून काहीतरी तळलेलं.
"बांध कोण चोरून नेत नाही गो.
बघायचा राहतो, इतकंच.
कुर्ली एक भोक पाडते."

पुसायला कागद देते.
बनियन खाली ओढताना विचारतात,
"उतरतो हा?"
उतरतो. चालणाऱ्या माणसांचा कधीकधी
पोटाच्या आधी हाच उतरतो.
"मग पोटाला सांगू नको," म्हणतात,
आणि चपला शोधायला वाकतात,
वाकता येत नाही,
मी पायाने त्या पुढे सरकवते.

दीड वाजता दार आतून लावलं.
मी, अडतीस वर्षांची,
दिवसभर अंधारात बसून दुसऱ्यांना चाला म्हणणारी,
बसमधून उतरून जिना टाळणारी,
साडीवरून कुडत्यावर आणि कुडत्यावरून
सैल कुडत्यावर आलेली,
डाव्या कुशीवर वळले.
खाट बोलली.
एका हाताने स्वतःला शोधणं कठीण,
मनगट वळतं आणि पडदा पाठीमागे राहतो.
मान मोडून पाहिलं तेव्हा
दारं आपली उघडत होती, मिटत होती,
कुणी जागं असो नसो.

यंत्राने नाव विचारलं. ते रिकामं ठेवलं.
पहिली फुली ठेवली.
दुसरी कुठे ठेवायची ते मला पक्कं ठाऊक होतं,
पंधरा वर्षं हेच तर करते आहे.
बोट बटणावर.
बाहेर कुणीतरी टिचकी मारली दारावर,
दोनचा रुग्ण, वेळेआधीच आलेला.