लाल टोपण

गाडी बनवणाऱ्यानं बॅटरी ठेवली कुठं,
तर क्लीनरच्या सीटखाली, पत्र्याच्या पेटीत.
चार बोल्ट, त्यातल्या एकाचे आटे गेलेले.
आणि सीटवर आमचे पावाचे ट्रे, पार छतापर्यंत.
नंदगडहून पहाटे तीनला निघायचं,
जांबोटी, कणकुंबी, वाटेतली सगळी हॉटेलं,
पहिला चहा उकळायच्या आत पाव पोचायला हवा.

त्या डिसेंबरात कणकुंबीच्या अलीकडं
कडेला थांबलो आणि डुलकी लागली. दिवे चालूच.
उठून किल्ली फिरवली तर नुसतं टक.
टक.
धुक्यात टक.

गोव्याकडून आलेली एक लॉरी थांबली.
उतरला मडिवाळप्पा, बैलहोंगलचा.
त्याला मराठी चार शब्द, मला कानडी सहा,
त्यातले निम्मे शिव्या.
रस्त्याच्या कडेला आम्ही सव्वीस ट्रे मांडले,
धुकं पावांवर बसत होतं.
तो दातांत टॉर्च धरून पेटीत वाकला,
मी चौथ्या बोल्टशी पक्कड घेऊन भांडत राहिलो.
लॉरीच्या दोन बॅटऱ्या, त्यातल्या एकीवरूनच घेतलं त्यानं;
दोन्हींवरून घेतलं असतं
तर माझ्या गाडीचं भाजलेलं वांगं झालं असतं.
केबल ताणून ताणून कशीबशी पोचली.
शाळेतलं काहीतरी आठवत, लाल चिमटा दाखवून
तो म्हणाला, "इदु धन."
मग काळा. "इदु ऋण."
मी मान डोलावली.
यात भाषांतर करण्यासारखं काही नव्हतं.

गाडी लागली. पैसे घेतले नाहीत त्यानं.
दोन पाव घेतले,
ओलसर झालेलेच निवडून.

उद्यमबागेत नागोजी मुतगेकरच्या शेडमध्ये
हे सगळं सांगितलं. तो एका टेम्पोखाली होता,
ऐकतोय की नाही कळेना.
बाहेर येऊन म्हणाला, "बॅटरी कशाला हलवूलालास?
तिला झोपू दे तिथंच. हात तेवढा बाहेर काढू तिचा."

वेल्डिंगची केबल, अंगठ्याएवढी जाड.
"बारीक लावशील तर तार तापेल, इंजिन थंडच."
टोकांना तांब्याचे लग, दाबून बसवलेले,
वर स्लीव्ह, लायटरच्या आचेवर आवळलेली.
भोक पाडलं तिथं रबराची बांगडी.
"पत्रा तार खातो. उंदरासारखा नाही, वाळवीसारखा."
फ्यूज बॅटरीपासून वीतभरावर.
"लांब लावलास तर मधल्या तारेची राखण कोण करणार?"

मी विचारलं, आणि काळी केबल?
त्यानं बंपरमागच्या लोखंडावर पान्यानं टकटक केलं.
"ही काय. अख्खी गाडी ऋणच की.
धन तेवढं ओढून आणावं लागतंय.
ऋण सगळीकडं असतंयच."
रंग खरवडून तिथं एक पितळी बोल्ट पिळला
आणि चहाला गेला.

आता नंबरप्लेटच्या मागं एक लाल टोपण आहे.
काढलं की तांब्याचा खुंट.
शेजारी एक छोटं सॉकेट, चार्जरचं.
रात्री बेकरीच्या खिडकीतून वायर सोडतो,
भट्टी विझते, इनास हिशेबाची वही मिटतो,
आणि अंधारात एक हिरवा ठिपका
गाडीला काहीतरी पाजत राहतो.

मडिवाळप्पाचा फोन नंबर घ्यायचा राहिला.
लॉरीचा पाहिला होता, के ए चोवीस,
पुढचं धुक्यात.

मागच्या आठवड्यात जांबोटीच्या चौकात
लग्नाची गाडी बंद पडलेली, झेंडूच्या माळांसकट.
आत नवरा घामाघूम.
ड्रायव्हर म्हणजे मिसरूड फुटलेलं पोरगं,
चिमटे हातात घेऊन उभं.
मला कुठल्या भाषेत विचारावं तेच त्याला ठरेना.
मी खाली वाकून टोपण काढलं.
ट्रे एकही उतरवला नाही.

टोपण मात्र राहिलं तिथंच, चौकात.
आता खोकल्याच्या औषधाचं बसवलंय.
जरा सैल होतं.
लाल आहे पण.