शेऱ्याचा रकाना

निवड समितीचे मकोनी साहेब फोनवर म्हणाले,
"नोम्वुला, आकडे वाच."
एकतीस वर्षं मी बुलावायोत धावा लिहितेय,
त्याआधी रेल्वेच्या मालधक्क्यावर वॅगनी मोजायचे.
मोजणं मला येतं.
वाचले:
शून्य. नऊ. चार. शून्य. सतरा. एक. शून्य.
पलीकडून नुसतं च्च ऐकू आलं.
"सातांत तीन भोपळे," म्हणाले.

भोपळ्यावरून आठवलं,
त्याची आई मंडईच्या मागल्या दाराशी
भोपळ्याचा पाला विकते, जुड्या बांधून.
तिनं पोराचं नाव ठेवलं बेकेझेला.
आमच्या भाषेत, धीर धर.
आणि हा बाबा पहिल्याच चेंडूला
असा अंगावर जातो, जणू
चेंडूनं याच्या घरचं काही उचलून नेलंय.

साहेबांना काय सांगू?
वहीतले रकाने ठरलेले असतात.
त्या सतरा धावा सहा चेंडूंतल्या.
तिसरा फटका जॅकरांडाच्या झाडात अडकला,
पंच मान वर करून उभे,
फुलं पडत होती, चेंडू पडत नव्हता.
मग तो बाद झाला.
पण त्याच्यासाठी ज्या दोन स्लिप काढून सीमेवर धाडल्या होत्या
त्या तो गेल्यावरही कितीतरी षटकं परत आल्या नाहीत.
कर्णधार विसरला, की धास्तावला, कोण जाणे.
त्या फटीतून समोरच्या थोराड सलामीवीरानं
एकेक चोरत एकाहत्तर केल्या.
त्या त्याच्या नावावर लिहिल्या.
बरोबरच आहे, धावलाही तोच.
भीतीला रकाना नाही.

पण हरारेतलं शून्यही माझ्याच हातचं.
पाच बाद एकतीस,
आणि याला लाँग-ऑनच्या डोक्यावरून मारायचं होतं.
मग नवव्या नंबरचा पोरगा, मिसरूड न फुटलेला,
याच्या वाट्याचे चेंडू बरगड्यांवर झेलत राहिला.
बोट मोडलं. मी लिहिलं: जखमी, निवृत्त.
कुणापायी, ते लिहिलं नाही.

आणि तवांदा.
तीन मोसम चाळीस-पन्नास करत बसलाय,
फाटलेले हातमोजे स्वतः शिवतो, मासे धरायच्या दोऱ्यानं.
तो खेळत असताना
शेंगा सोलता सोलता कुणी मान वर करत नाही.
पण त्याच्या पानावर मला रबर लागत नाही.
रांगेत उभ्या माणसाला
किती वर्षं सांगायचं, थांब बाबा,
पुढच्याची लय हरवलीय, ती सापडू दे?

"आकडे कळले," साहेब म्हणाले. "तुझं मत?"
एकतीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
तवांदा, मी म्हणाले.
फोन ठेवला आणि पेन्सिलीला टोक काढत बसले,
टोक असताना.

शनिवारी क्लबचा सामना. यादी लागून गेली होती.
बेकेझेला खेळायला निघाला
तशी सॉसेजची अख्खी रांग मैदानाकडे वळली.
भाजणारीसुद्धा, चिमटा हातात तसाच.
मीही फ्लास्कचं झाकण खाली ठेवलं.

पहिला चेंडू त्यानं सोडला.
दुसरा सोडला.
तिसऱ्याला बॅट सरळ खाली आणली
आणि चेंडू पायाशी असा निजवला
की आवाजही आमच्यापर्यंत आला नाही.
तीन टिंबं.
रांग पुन्हा सॉसेजकडे वळली.
हेच तर हवं होतं ना आम्हांला,
मला, साहेबांना,
नाव ठेवणाऱ्या त्या बाईला?

काहीतरी करपल्याचा वास आला.
चौथ्यासाठी गोलंदाज धावत निघाला.
स्लिपमध्ये दोघं उभे होते,
हात गुडघ्यांवर, अगदी निवांत.
मी पुन्हा मोजले. दोघंच.