अजून

मोन्तेविदेओभर लोकांची कुलपं उघडतो मी,
पेटी घेऊन, अपरात्रीसुद्धा, कुणी बोलावेल तिथे.
पण पहाटे पावणेसहाला
माझ्या स्वतःच्या घराचं दार
मला उघडत नाही.

आतून तर नुसती कडी आहे.
ऑगस्ट आहे, म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा,
दाराखालच्या फटीतून नदीवरचा वारा
घोटे हुंगून जातो.
अंथरूण म्हणतं, दार्विन, परवा धावलास की.
गुडघा म्हणतो, माझ्या आहे लक्षात.
बूट काही म्हणत नाहीत.
जिभा बाहेर काढून बसलेत दारापाशी,
फिरायला न्या म्हणणाऱ्या कुत्र्यासारखे.

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक आकडा लिहिला
आणि त्याभोवती दोनदा गोल काढला.
त्या गोलातून सुटायला म्हणून मी धावायला लागलो.
पहिल्या दिवशी दीपगृह गाठायचं ठरवलं,
तिसऱ्या बाकावर बसलो.
पुढच्या खेपेला चौथ्या.
नवी किल्ली अशीच तर बसवतात:
जरा घासा, फिरवून बघा, अडतंय का,
पुन्हा जरा घासा.
जोर केलात तर आत मोडते,
मग माझ्यासारख्याला फोन करावा लागतो.
ही अक्कल मी गिऱ्हाइकांना वीस वर्षं फुकट वाटली.
मला स्वतःला ती यायला
एक पोटरी आणि दोन महिने लागले.

शर्यतीतही धावलो एकदा, दहा किलोमीटर.
माझ्या मागे अकरा माणसं होती
आणि एक रुग्णवाहिका.
पदक स्क्रू-ड्रायव्हरच्या खणात आहे.

नदी इथे एवढी रुंद की पलीकडचा काठच नाही,
नकाशात आहे म्हणतात.
चहासारखं पाणी, काठाने लांबलचक फरसबंदी,
काखेत थर्मास आणि हातात मातेचा भोपळा घेऊन
तरातरा चालणाऱ्या बायका मला मागे टाकतात.
आणि कठड्यावर गुमेर्सिंदो, गळ टाकून.
वय विचारलं तर मासा ओढायच्या सुरात सांगतो, एक्क्याऐंशी.
मी जवळ आलो की विचारतो, "अजून?"
मी म्हणतो, "अजून."
एवढंच. किती, कुठवर, कशाला,
काही नाही.
त्याच्या बादलीत बहुतेक वेळा पाणीच असतं.

जूनमध्ये एक दिवस कठडा रिकामा होता.
दुसऱ्या दिवशीही.
मी एरवी आठवड्यातून तीनदा धावणारा माणूस,
त्यातही एकदा थाप मारणारा.
पण त्या अकरा दिवसांत
एकही सकाळ चुकवली नाही.
कडी कधी काढली, कळायचं नाही.
वेग, श्वास, आकडा, त्याचा गोल,
कशाचीच आठवण नव्हती,
फक्त वळणानंतरचा तो दगड
लांबून दिसेपर्यंत मान पुढे काढून धावायचं.
थर्मासवाल्या बायकांना विचारलं.
त्यांना वाटत होतं, मला माहीत असेल.

बाराव्या दिवशी होता.
उजवा हात प्लास्टरात, गळ डाव्या हातात,
आणि शिव्या वाऱ्याला.
बोलायला दम नव्हता माझ्यात,
पण त्या दिवशी आधी मी विचारलं,
"अजून?"
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
जशी मी त्याची बादली चोरलीय.
मग पाण्याकडे वळून म्हणाला,
"मग काय."

आज पुन्हा अंथरुणाशी भांडण झालं,
ते काही कायमचं मिटलेलं नाही.
दीपगृहाला हात लावून परत आलो.
घराची किल्ली बुटाच्या नाडीत बांधलेली,
गाठ गारठून घट्ट,
बोटांना बोटं असल्याचं भान नाही.
तेव्हा मी, कुलूपवाला,
माझ्याच बंद दाराबाहेर पायरीवर बसलोय,
हातावर फुंकर मारत.
वरच्या मजल्यावरची सुल्मा पाव आणायला उतरली,
थांबली, दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि विचारते,
"कुणाला बोलावू का?"