पाच मिली

पुडीवर बॉलपेनने लिहिलेलं: लिथॉप्स.
खाली रोझलिनची घाईची अक्षरं,
"पाणी विसरून जा. आठवलं तरी विसर."
ती नर्स होऊन कुवेतला गेली,
मी वेंगुर्ल्यात, नाक्यावरच्या मेडिकलच्या काउंटरमागे,
सुपारीच्या खांडाएवढं झाड घेऊन.
दोन जाड ओठ, मध्ये चीर. बस.

विश्रामने चष्मा वर करून पाहिलं,
"ह्या झाड काय दगड गो?"
म्हटलं, दोन्ही.

शेणखत त्याला सोसत नाही.
चिऱ्याच्या खाणीवरून भुगा आणला,
चहाच्या जुन्या गाळणीने चाळला, पीठ उडवलं, खडे ठेवले.
किनाऱ्याची वाळू सात पाण्यांनी धुतली,
मीठ गेलं का बघायला चिमूटभर जिभेवर ठेवली.
कॅल्शियमच्या गोळ्यांच्या डबीला
तापल्या सळीने तीन भोकं.
झालं घर.

आषाढात भिंती घामेजतात, चपलांवर बुरशी येते,
मिठाची बरणी पाझरते.
तेव्हा ते काचेच्या कपाटात, बामच्या बाटल्यांमागे,
भोवती रिकाम्या डब्यांतून जमवलेल्या
"खाऊ नये" लिहिलेल्या पांढऱ्या पुड्या.
दीड महिना थेंब नाही.
रस्त्यावर घोटाभर पाणी, पलीकडे अख्खा समुद्र,
आणि मी एका जिवाला
पाण्यापासून राखत बसलेली.

हात बसला होता म्हणा.
घरीही पाणी मोजूनच.
विश्राम तांडेल होता, वीस वर्षं खाऱ्यावर काढली.
आता सोमवार-गुरुवार ओरोसचं मशीन
आणि दिवसाला आठशे मिली,
चहा, आमटी, गोळीवरचा घोट धरून.
सकाळी बाटली भरून देते, खुणेपर्यंत.
रात्री तो मागत नाही.
बर्फाचा खडा गालात धरतो
आणि पागोळ्यांकडे पाठ करून झोपतो.

भाद्रपदात एका सकाळी झाड फुटलं होतं.
खरंच फुटलं, अंगावर उभी भेग,
दाबलं तर बोट बुळबुळीत.
मी दुकानातल्या पोरावर ओरडले,
शेजारच्या मेतर वहिनींना आडून विचारलं,
त्या दिवसभर बोलल्या नाहीत.
रात्री विश्राम पंख्याकडे बघत म्हणाला,
"माझ्या वाट्याचा दिलंय. तीन दिस.
तेका तरी पोटभर पिवं दी, म्हटलं."

तीन दिवस वजनकाट्यावर तो हलका भरत होता,
आणि मला वाटलेलं
मशीन चांगलं चाललंय.

नाताळात रोझलिनच्या भावाने दुसरं आणलं.
हे जरा तपकिरी, तव्यावर राहिलेल्या भाकरीसारखं.
थंडीत त्याची चीर रुंदावली,
आत नवी जोडी दिसली, जुन्या जोडीला आडवी.
जुनी पानं आपलंच पाणी तिला पाजतात
आणि सुकत सुकत कागद होतात.
तेवढ्या दिवसांत वरून काहीच घालायचं नाही.
घातलं तर जुनं मरायचं विसरतं.
हे मी विश्रामला वाचून दाखवलं
आणि मधेच थांबले.
तो म्हणाला, "वाच, वाच."

फाल्गुनात सालं कुरकुरीत झाली.
आता सिरिंज त्याच्याकडे असते,
पाच मिलीची, बिनसुईची.
उजेडाकडे धरून टिचकीने बुडबुडा काढतो,
झाडाला न लावता
डबीच्या कडेकडेने फिरवतो,
नांगर टाकायच्या आधी पाणी बघावं तसा.

फूल आलेलं नाही.
येईल असंही कुणी म्हणालेलं नाही.

त्याची एक वही आहे: वजन, प्यायलेलं, सुटलेलं.
परवा पुसता पुसता उघडी दिसली.
शेवटच्या रकान्यात पेन्सिलीने: दगड, ५.
आणि खाली, आठशेतून वजा करून,
त्या दिवशीचा स्वतःचा आकडा.
मी वही होती तशी ठेवली.
दुसऱ्या दिवशी बाटली भरली
खुणेपेक्षा
किंचित वर.